सोलापूरचे डॉ. कोटणीस : राहिलेले भाषण

स्मरणिकेसाठी लेख मागवले तेव्हा मी आपल्या बॅचच्या गटावर कळवले, की मी डॉ. कोटणीसांवर लिहिते. लगेच दोघातिघांच्या हसणाऱ्या इमोजी आल्या. आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी याच विषयावर बोलायला उभी राहिले होते आणि निम्म्यातच विसरून, रडत खाली उतरले होते. तीस वर्षे झाली, पण तुम्ही काही ते विसरला नाहीत! तेव्हा राहिलेले भाषण आज पूर्ण करते. फरक एवढाच, की तेव्हाचे भाषण बाबांनी लिहून दिलेले होते, आजचे माझे आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे केईएमला जोडलेल्या कॉलेजात झाले. पदवी हातात होती, पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. अशा मुलाकडून घराच्या काय अपेक्षा असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

जुलै १९३७मध्ये जपानने चीनवर चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, ठिकठिकाणी वर्गणी जमली आणि सुमारे २२,००० रुपये उभे राहिले. आपण स्वतःच पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशासाठी ही वर्गणी झाली, हे लक्षात घ्यायला हवे.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि आपले सोलापूरचे कोटणीस, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. घरच्यांना चीन ठाऊक होता तो दारावर रेशीम विकायला येणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरता. तरी त्यांनी जाऊ दिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून बोट सुटली.

कँटन, हान्कौ असे करीत पथक चुंगकिंगला पोहोचले. तिथे एक छोटी, पण मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. प्रा. तान युन-शान त्यांना भेटले. रवींद्रनाथ टागोरांच्या पाठबळाने चीन-भारत सांस्कृतिक संस्था उभी करणारे आणि १९३७मध्ये शांतिनिकेतनात चीना भवन सुरू करणारे ते हेच. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. मैत्रीसाठी स्थापन झालेल्या संस्था एकमेकांना पाहुणे धाडतात, व्याख्याने घेतात, पुस्तके देतात. तान यांनी नाव दिले. ते नाव स्वतःचे करून दाखवणे मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले.

चुंगकिंगलाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत येण्याला याहून मोठे कारण नव्हते आणि कोणी दोषही दिला नसता. ते परतले नाहीत. आठवीत मी इथेच अडखळले होते. पाठ केलेले वाक्य होते, की कर्तव्यापुढे त्यांनी दुःख गिळले. आता वाटते, ते वाक्य फार सोपे होते. माझे वडील गेले तेव्हा मी परदेशात होते. दोन दिवसांनी पोहोचले. तेवढ्या दोन दिवसांचा सल अजून जात नाही. म्हणून त्यांच्या त्या निर्णयाला मी भाषणातले विशेषण लावू शकत नाही.

फेब्रुवारी १९३९मध्ये पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांतून लोक राहत होते. पुढे कोटणीस आणि बसू उत्तर चीनमधल्या आघाडीकडे, जपानी फौजांनी वेढलेल्या प्रदेशात गेले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून तिथेच जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या संसर्गाने नोव्हेंबर १९३९मध्ये वारले होते. जानेवारी १९४१मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. खेड्यातली घरे, नाकेबंदीमुळे औषधांचा तुटवडा, आणि शत्रू जवळ आला की सगळे उचलून दुसरीकडे जायचे. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात.

पण माझ्यासारख्या सॉफ्टवेअर अभियंतीला त्यांची वेगळीच बाजू भावते. ते चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. शल्यचिकित्सेवरचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले, दुसरे लिहायला घेतले. आमच्या धंद्यात अडलेले काम रात्रभर जागून सोडवणाऱ्याचे कौतुक होते. आपण नसताना दुसऱ्याला ते करता यावे म्हणून नीट लिहून ठेवणारा क्वचित भेटतो. कोटणीसांनी दोन्ही केले.

बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची गाठ को छिंगलान यांच्याशी पडली. त्या परिचर्येच्या शिक्षिका होत्या. १९४१च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. आपल्या शाळेतल्या भाषणांत ही गोष्ट कधी येत नसे. ज्यांच्यात ते राहिले त्यांच्यासारखेच ते झाले होते. हे न सांगता त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

त्यांना अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्या, उपचारासाठी दुसरीकडे जा, असे वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी ऐकले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

पुढचे थोडक्यात. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. स्वातंत्र्यानंतर भारत-चीन मैत्री संघाच्या शाखा निघाल्या, शिष्टमंडळांची ये-जा सुरू झाली. १९६२च्या युद्धाने ते सारे बसले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७मध्ये वारला. को छिंगलान मात्र सोलापूरच्या या कुटुंबाशी नाते राखून होत्या. त्या अनेकदा भारतात आल्या आणि २०१२मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी निवर्तल्या. चीनने १९८२मध्ये आणि भारताने १९९३मध्ये कोटणीसांचे टपाल तिकीट काढले. शिचियाच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात बेथून आणि कोटणीस यांच्या समाध्या एकाच आवारात आहेत.

काही वर्षे माझ्या कामात एक चिनी सहकारी होती. मी सोलापूरची, एवढे सांगितल्यावर तिला काहीच उमगले नाही. के दिहुआ म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. तिने हे नाव शाळेतच ऐकले होते. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. त्यानंतरच्या पहिल्या कॉलवर आम्ही दोघी कामापुरतेच बोललो. मला राग होता आणि तो खोटा नव्हता. कोटणीसांचे नाव घेऊन तो मिटवावा असेही वाटले नाही. त्यांचे नाव सीमेवरचे भांडण झाकायला वापरू नये. तसेच भांडण आहे म्हणून ते नाव दडवूही नये. ज्याच्यावर हल्ला झाला होता त्याच्या मदतीला ते गेले होते आणि काम संपले नव्हते म्हणून राहिले. दोन देशांचे कसेही चालो, एवढे खरे राहते. महिनाभराने तिने आपणहून माझ्या आईची तब्येत विचारली. आम्ही पुन्हा बोलू लागलो.

भैया चौकात त्यांच्या घरी आता स्मारक आहे. आपण तिथून सायकलींवरून किती वेळा गेलो असू, पण कधी थांबलो नाही. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर, सगळ्यांनी मिळून तिथे जाऊ या. मी काही बोलणार नाही. भाषण इथेच संपले आहे, आणि या वेळी मी रडले नाही.