वेगाला लगाम घालणारा शिल्पज्ञ : फ्रेडरिक लँचेस्टर

घोडा भरधांव दौडवितां येणें ही मोठी विद्या खरी. परंतु खरा स्वार कोण हें ओळखावयाचें असेल, तर तो दौडता घोडा हव्या त्या ठिकाणीं कसा उभा करितो, हें पाहावें. मोटारीचीही गोष्ट तीच आहे. ज्यांनीं मोटारीला वेग दिला त्यांचीं नांवें आपण पुष्कळदां ऐकतों; पण तो वेग मनुष्याच्या स्वाधीन राहावा म्हणून ज्यांनीं आपली बुद्धि वेंचली, त्यांचें स्मरण क्वचितच होतें. अशांपैकीं एका अत्यंत कल्पक, परंतु दैवानें वारंवार पाठ फिरविलेल्या, पुरुषाचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर याचा जन्म लंडन शहराच्या लुइशॅम या भागांत २३ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. त्याचे वडील व्यवसायानें वास्तुशिल्पी होते. तो अगदीं लहान असतांनाच हें कुटुंब समुद्रकांठच्या ब्रायटन गांवीं राहावयास गेलें. पुढें साउथॅम्प्टन येथील हार्टले संस्थेंत व नंतर लंडनच्या केन्सिंग्टन भागांतील शास्त्रीय विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. यंत्रविद्येचें प्रत्यक्ष ज्ञान पुरेसें मिळत नाहीं असें पाहून तो सायंकाळच्या वर्गांसही जात असे. पदवी मात्र त्यानें घेतली नाहीं. विद्या व पदवी या दोन गोष्टी बहुधा एकत्र नांदतात. पण पदवी हुकली म्हणून विद्येचा नाद सोडावयाचा नसतो, हें त्याच्या सर्व आयुष्यानें दाखवून दिलें.

१८८९ सालीं बर्मिंगहॅम येथील वायुयंत्रांच्या एका कारखान्यांत त्याला नोकरी मिळाली. नोकराच्या हातून जी कांहीं नवी सुधारणा होईल तिचा हक्क कारखान्याचा, असें एक कलम करारपत्रांत होतें. वीस-एकवीस वर्षांच्या या तरुणानें तें कलम सरळ खोडून टाकिलें आणि मगच सही केली. पगार तुटपुंजा होता. परंतु स्वतःच्या बुद्धीची किंमत त्याला ठाऊक होती. लौकरच त्यानें यंत्राची गति आपोआप नियमित ठेवणारी एक युक्ति शोधून काढिली, आणि तिचें उत्पन्न त्याच्याच पदरीं पडलें. वेगाचें नियमन हा त्याच्या बुद्धीचा आवडता विषय तेव्हांपासूनच होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या काळच्या बहुतेक मोटारी म्हणजे घोडा सोडून यंत्र जोडलेल्या बग्ग्याच होत्या. लँचेस्टरला ही उसनवारी मान्य नव्हती. मोटार ही एक स्वतंत्र वस्तु आहे, असें समजून तिचा प्रत्येक भाग त्यानें मुळापासून आंखला. त्याची पहिली मोटार १८९६ सालीं रस्त्यावर आली. १८९९ च्या अखेरीस जॉर्ज व फ्रँक या आपल्या भावांसह त्यानें मोटारींचा कारखाना काढिला. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीस तंतोतंत बसला पाहिजे, हा त्याचा कटाक्ष असे. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेला प्रसिद्ध ग्रंथकार रड्यार्ड किप्लिंग हा त्याच्या आरंभींच्या गिऱ्हाइकांपैकीं एक होता. पुढें आपल्या देशांतील कांहीं संस्थानिकांच्या पागेंतही लँचेस्टर गाड्या आल्या.

आतां त्याच्या मुख्य शोधाकडे वळूं. धांवत्या गाडीच्या अंगीं जी शक्ति असते ती ब्रेक दाबल्यानें नाहींशी होत नाहीं. घर्षणानें तिची उष्णता बनते. वेग दुप्पट झाला तर ही शक्ति चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट होते. म्हणून ब्रेकचा खरा प्रश्न चाक कसें धरावें एवढाच नसून, उत्पन्न होणारी उष्णता कशी घालवावी, हा आहे. चाकाच्या पंचपात्राकृति भांड्यांत, म्हणजे ड्रममध्यें, आंतून पट्ट्या दाबणाऱ्या ब्रेकांत ही उष्णता कोंडून राहते. शिवाय भांडें तापून फुगतें व पट्ट्यांपासून दूर सरतें. लँचेस्टरनें १९०२ सालीं निराळ्याच रचनेचें पेटंट घेतलें. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्यासारखे दाबणारे जबडे, अशी ती रचना होती. तबकडी उघड्यावर असल्यामुळें तिला वारा लागून ती लौकर निवते. ज्याला आज आपण डिस्क ब्रेक म्हणतों, तो हाच.

पण कल्पना कितीही उत्तम असली तरी तिला साजेसें साहित्य मिळावें लागतें. जबड्यांना लावावयास त्याच्यापाशीं तांब्यासारख्या धातूखेरीज कांहीं नव्हतें. धातूवर धातु घांसून कानठळ्या बसविणारा किंकाळीसारखा आवाज निघे, आणि त्या वेळच्या कच्च्या रस्त्यांवरील धुळीनें त्या पट्ट्या हां हां म्हणतां झिजत. शोध बरोबर होता. काळ मात्र मागें राहिला होता.

व्यवहारांतही त्याला यश लाभलें नाहीं. गाड्यांना मागणी असूनही भांडवल अपुरें पडल्यामुळें १९०४ सालीं कंपनी अडचणींत आली व तिची पुन्हां उभारणी करावी लागली. विमानविद्येंतही तेंच झालें. पंखावर हवेचा उचल देणारा जोर कसा उत्पन्न होतो, याविषयींचा त्याचा निबंध १८९७ सालीं विद्वत्सभेनें परत केला. तरी न खचतां १९०७ व १९०८ सालीं त्यानें त्या विषयावर दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. आज त्या ग्रंथांस विमानशास्त्राच्या पायाचे दगड मानितात. १९२२ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला आपला सभासद करून घेतलें. मान मिळाला, धन मात्र मिळालें नाहीं. कंपवातानें शरीर जर्जर झालेलें, दृष्टि मंदावलेली व पैशाची चणचण, अशा स्थितींत ८ मार्च १९४६ रोजीं बर्मिंगहॅम येथें त्याचें निधन झालें.

यानंतर सातच वर्षांनीं, १९५३ सालीं, फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी पहिली आली. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन हे तिचे चालक होते. इतरांचे ब्रेक तापून दुबळे होत असतां हे दोघे वळणाच्या अगदीं जवळ येईपर्यंत वेग कायम ठेवूं शकत. १९५५ पासून सिट्रोएन कंपनीच्या नव्या गाडीबरोबर हा ब्रेक सामान्य लोकांच्या वापरांत येऊं लागला. पन्नास वर्षें कपाटांत पडलेल्या कल्पनेला अखेर न्याय मिळाला. तो पाहावयास तिचा जनक मात्र राहिला नव्हता.

हल्लीं हौशी लोक आपली नेहमींची गाडी घेऊन शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर एखादा दिवस चालवावयास जातात. लँचेस्टरपुढें जो प्रश्न होता तोच त्यांच्यापुढें उभा राहतो. रोजच्या रहदारींत निर्दोष वाटणारा ब्रेक तेथें कांहीं फेऱ्यांतच लाल होतो. ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें; असें जुनें ऑइल तापलें कीं उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा दांडा पोकळ लागून तळाशीं जातो. म्हणून जाणते मिस्त्री अगोदर ताजें, अधिक उष्णता सोसणारें ऑइल भरतात. जास्त तापमानास टिकणारे पॅड बसवितात. तबकडीस तडा गेला आहे काय, पॅड किती जाड उरला आहे, रबरी नळ्या चिरल्या आहेत काय, हें पाहतात. आणि परत येण्यापूर्वीं एक फेरी सावकाश घेऊन ब्रेक निवूं देतात. यंत्राची शक्ति वाढविण्यास पैसा खर्चणारे पुष्कळ. पण आधीं थांबण्याची सोय पाहणारा तो शहाणा.

पालकांसही एक विनंति आहे. घरांतील दुचाकीचे वा मोटारीचे ब्रेक कुरकुरूं लागले, तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलूं नये. ती कुरकुर म्हणजे यंत्रानें दिलेली सूचना होय. आणि विद्यार्थ्यांनो, आपलें काम चोख असूनही त्याचें चीज झालें नाहीं, तर लँचेस्टरची आठवण करा. यशाची वेळ आपल्या हातीं नसते. काम खरें करणें तेवढें आपल्या हातीं असतें, आणि खरें केलेलें काम वाया जात नाहीं.