फ्रान्सेस ट्रॉलोप

फ्रान्सेस ट्रॉलोप (माहेरच्या फ्रान्सेस मिल्टन, १० मार्च, १७७९ – ६ ऑक्टोबर, १८६३) या इंग्रज प्रवासवर्णनकार व कादंबरीकार होत्या. वयाची पन्नाशी उलटल्यावर कर्जबाजारी कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्या लेखनाकडे वळल्या. इ.स. १८३२ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डोमेस्टिक मॅनर्स ऑफ द अमेरिकन्स’ या पहिल्याच पुस्तकाने त्यांना ख्याती मिळवून दिली. कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप हे त्यांचे पुत्र होत.

पूर्वायुष्य

फ्रान्सेस यांचा जन्म ब्रिस्टॉलजवळील स्टेपलटन येथे झाला. वडील विल्यम मिल्टन हे धर्मोपदेशक होते. आई लहानपणीच निवर्तली. इ.स. १८०३ मध्ये त्या लंडनला भावाकडे राहावयास गेल्या. २३ मे, १८०९ रोजी थॉमस अँथनी ट्रॉलोप या बॅरिस्टरांशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सात अपत्ये झाली. त्यांपैकी एक कन्या जन्मानंतर लगेच दगावली. पतीच्या तापट स्वभावामुळे पक्षकार दुरावले व वकिली ढासळली. ज्या मामांच्या संपत्तीवर पतीची भिस्त होती, त्यांनी उतारवयात पुनर्विवाह केला व त्यांना पुत्र झाल्याने ती आशाही मावळली. हॅरो येथे खंडाने घेतलेली शेती तोट्यात गेली. इ.स. १८२४ मध्ये आर्थर हा पुत्र मरण पावला.

अमेरिकेतील वास्तव्य

नोव्हेंबर, १८२७ मध्ये हेन्री, सिसिलिया व एमिली या तीन मुलांसह त्या अमेरिकेस निघाल्या. चित्रकार ऑग्युस्त एर्व्ह्यू हेही सोबत होते. फ्रान्सेस राइट यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी टेनेसी राज्यात वसवलेल्या नॅशोबा या वसाहतीतील हलाखी पाहून त्यांनी अल्पावधीतच ती सोडली. पुढे सिनसिनाटी येथे त्यांनी एक भव्य बाजार-इमारत उभारली. परंतु हा व्यवसाय बुडाला. इ.स. १८३० मध्ये ते शहर सोडून त्यांनी पूर्वेकडील राज्यांचा प्रवास केला आणि इ.स. १८३१ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. या काळात केलेल्या टिपणांतून त्यांचे पहिले पुस्तक सिद्ध झाले.

समतेचा उद्घोष करणाऱ्या देशात गुलामगिरी नांदते, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. जेवणाच्या रीती, तंबाखू थुंकण्याची सवय व स्त्रियांचे समाजजीवनातील दुय्यम स्थान यांवरही टीका केली. अमेरिकेत पुस्तकावर संताप उसळला. मार्क ट्वेन यांनी मात्र पुढे त्यांच्या निरीक्षणांतील सच्चेपणाची दखल घेतली.

लेखन व कुटुंब

पुस्तकाच्या उत्पन्नाने कर्ज फिटले नाही. इ.स. १८३४ मध्ये हॅरोच्या घरावर जप्ती आली. शेजाऱ्यांच्या मदतीने थोडी चीजवस्तू वाचली. कुटुंबाने बेल्जियममधील ब्रुज शहराजवळ आश्रय घेतला. तेथे हेन्री क्षयाने आजारी होता व पतीची प्रकृतीही खालावली होती. फ्रान्सेस पहाटे चारच्या सुमारास उठून लिहीत, दिवसा घर पाहत व रात्री रुग्णांची शुश्रूषा करीत. घराचा सारा खर्च त्यांच्याच लेखनावर चालत असे.

डिसेंबर, १८३४ मध्ये हेन्रीचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच पुस्तकासाठी त्या पॅरिसला गेल्या. ऑक्टोबर, १८३५ मध्ये पती आणि फेब्रुवारी, १८३६ मध्ये एमिली यांचे निधन झाले. त्याच वर्षी पॅरिसवरील पुस्तक प्रकाशित झाले, आणि उरलेल्या मुलांपैकी थॉमस व सिसिलिया यांना घेऊन त्या व्हिएन्नाच्या प्रवासास निघाल्या. प्रवासवर्णनासाठी स्थळदर्शन आवश्यक, त्याला खर्च लागे व हाती पैसा तर पुस्तक विकल्यावरच येई; त्यामुळे प्रवासांच्या मध्ये त्या कादंबऱ्या लिहीत. ‘जोनाथन जेफरसन व्हिटलॉ’ (१८३६) ही गुलामगिरीविरोधी, तर ‘मायकेल आर्मस्ट्राँग’ (१८४०) ही गिरण्यांतील बालकामगारांवरील कादंबरी होय.

उत्तरायुष्य

इ.स. १८४३ पासून त्या फ्लॉरेन्सला स्थायिक झाल्या. इ.स. १८४९ मध्ये सिसिलियाही निवर्तली. सुमारे ४० पुस्तके लिहून इ.स. १८५६ मध्ये त्यांनी लेखन थांबवले. फ्लॉरेन्स येथेच त्यांचे निधन झाले व तेथील इंग्रजी दफनभूमीत दफन करण्यात आले. थॉमस व अँथनी हे दोन्ही पुत्र लेखक झाले. पोस्टखात्याची नोकरी सांभाळून अँथनी यांनीही आईप्रमाणेच पहाटे लिहिण्याचा परिपाठ ठेवला, इ.स. १८८३ मध्ये प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आईच्या कष्टांची नोंद केली आहे.