मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार

मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार (२२ सप्टेंबर १९१४ – २१ एप्रिल १९९९) हे भारतीय कवकशास्त्रज्ञ, वनस्पतिरोगतज्ज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. हॅमायसिन या बुरशीनाशक प्रतिजैविकाच्या शोधासाठी ते ओळखले जातात.

कारकीर्द

पिकांवर तांबेरा व काणी हे रोग आणणाऱ्या कवकांचे वर्गीकरण हा त्यांचा आरंभीचा अभ्यासविषय होता. भारतातील काणीकवकांवरील त्यांचा व बी. बी. मुंडकूर यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या कारखान्यात ते पुढे संशोधनासाठी आले.

हॅमायसिन

पेनिसिलिन जिवाणूंना मारते. बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. उलट, प्रतिजैविकांच्या उपचाराने शरीरातील उपयुक्त जिवाणू घटले, की कॅन्डिडा या बुरशीला वाढण्यास वाव मिळतो. त्यामुळे बुरशीवरील औषधाची निकड होती. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस या मृदाजिवाणूच्या एका जातीपासून हॅमायसिन मिळवले आणि १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पिंपरीवरून त्या जातीला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव देण्यात आले. हे जिवाणू कवकांप्रमाणेच तंतूंच्या रूपाने वाढतात.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते व पटल गळके करते. जिवाणूंच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसल्याने ते निर्माण करणाऱ्या जिवाणूला त्यापासून अपाय होत नाही. अशी द्रव्ये जिवाणू सर्वकाळ बनवत नाहीत. वाढ मंदावल्यावर त्यांची निर्मिती सुरू होते. हॅमायसिनच्या गटातील कॅन्डिसिडिनच्या अभ्यासात, माध्यमात फॉस्फेट अधिक असल्यास निर्मिती दबते असे आढळले. म्हणून कारखान्यातील टाक्यांत पोषकद्रव्यांचे प्रमाण सांभाळणे महत्त्वाचे ठरते.

हॅमायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे शरीरात खोलवर पसरलेल्या संसर्गावर ते वापरण्यास मर्यादा आल्या. तोंडातील व योनिमार्गातील कॅन्डिडा संसर्गावर मात्र ते उपयोगी पडले.

इतर कार्य व सन्मान

डर्मोस्टॅटिन व ऑरिओफंजिन ही प्रतिजैविकेही त्यांच्या संशोधनाशी निगडित आहेत. ऑरिओफंजिनचा उपयोग पिकांच्या बुरशीरोगांवर झाला. अशा रीतीने वनस्पतिरोगांपासून सुरू झालेले त्यांचे काम पुन्हा शेताकडे वळले. १९६७ मध्ये वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराने त्यांना गौरवण्यात आले.