वेळेवर आलेला शब्द



ज्या कोकणात आपले पनवेल आहे, त्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. पुढे ते रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झाले. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. तरी मराठी ख्रिस्ती माणसाला ते आपलेच वाटतात.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. धर्माविषयी त्यांच्या मनात तेव्हा मोठी तळमळ चालू होती. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो त्यांच्याशी कवितेविषयी सौजन्याने बोलला, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून निघून गेला. त्याचे नावही टिळकांना कधी कळले नाही. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तहानलेल्या माणसापाशी तो शब्द नेमक्या वेळी पोहोचला होता.

असा शब्द ज्याला मिळतो, त्याने तो पुढे द्यायचा असतो. १९०७ साली जळगावला कवींचे संमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला भर सभेत ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी तर त्याला पुढे अहमदनगरला आपल्या घरीच आणले. टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. त्यासाठी धर्माची अट घातली नाही. ठोमरे हिंदूच राहिले. कौतुकाच्या शब्दाला टिळकांनी ताटातल्या भाकरीची जोड दिली.

टिळक काही गोड स्वभावाचे नव्हते. त्यांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने सांगितला आहे. म्हणजे धीराचा शब्द देणे हे केवळ शांत माणसांचेच काम नव्हे.

आता पुढचे ऐका. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वे अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. दुसऱ्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळकही देवाघरी गेले. जळगावच्या त्या दिवशी मुलाच्या हाती फक्त अकरा वर्षे होती आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. आधी मोठा होऊ दे, मग कौतुक करू, असे वडीलधाऱ्यांनी म्हटले असते तर?

नीतिसूत्रांच्या ग्रंथात समयोचित शब्दाला चांदीच्या कोंदणातील सोन्याच्या फळांची उपमा दिली आहे. कोंदण म्हणजे वेळ. खोटी स्तुती कधीच देऊ नये. पण खरे कौतुकही उशिरा दिले तर वाया जाते. पुष्कळदा आपण ते अंत्यविधीच्या दिवसासाठी राखून ठेवतो आणि ज्याने ऐकायचे तो पेटीत असतो.

आपल्या घरातही एखादा ठोमरे असेल. परीक्षेत नापास होऊन कोपऱ्यात बसलेला मुलगा, मिस्सामध्ये पहिल्यांदा वाचन करताना अडखळलेली मुलगी, पहाटेची लोकल पकडून रात्री घरी येणारा बाप. दुखणे ताजे असेल तर आधी नुसते शेजारी बसावे. त्याने मान वर केली की बोलावे. पण त्याने मान वर केल्यावर मात्र गप्प राहू नये.

प्रभू आपल्याला तो क्षण ओळखण्याची कृपा देवो.

आपला धर्मगुरू