रंग चुकले, माप जुळलं

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावी झाला. लहानपणी त्यांना दोन गोष्टींचा नाद होता: चित्रं आणि यंत्रं. वडिलांना ते पसंत नव्हतं. तरीही १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण दोन वर्षांतच कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

पेन्सिल मात्र सुटली नाही. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाहीत, अचूक माप लागतं. लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले.

माप एवढं महत्त्वाचं का? आपल्या सिंगापूरचंच उदाहरण घेऊ. समजा, एका बोटीला नवं इंजिन बसवायचं आहे, पण त्याची बोल्टची भोकं जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत. मग दोघांच्या मध्ये धातूची एक जाड प्लेट बसवतात. तिला अडॅप्टर प्लेट म्हणतात. तिच्यात दोन्हीकडची भोकं पाडावी लागतात. आता गंमत बघा: भोकाच्या मध्यावर पट्टी टेकवणार कशी? तिथे तर धातूच नसतो! म्हणून भोकं सारख्या आकाराची असतील, तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजतात. दोन मध्यांमधलं अंतरही तेवढंच असतं. मग तिरकी अंतरं मोजून खात्री करतात. एका मिलिमीटरची चूक झाली, तरी बोल्ट आत जात नाही.

लक्ष्मणरावांना नोकरीत बढतीच्या वेळी डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे आले. तिथे दोघांचं सायकलचं दुकान होतं. त्याच गावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. पण लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटायची. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली!

१९१० मध्ये कारखान्याची बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. तिथे निवडुंग आणि साप होते. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

शेतात नांगराचा फाळ झिजतो, तो बदलावा लागतो. नवा फाळ जुन्या भोकांवर बसला नाही, तर शेतकऱ्याचं काम अडतं. म्हणजे कारखान्यातलं माप दूरच्या शेतातही खरं ठरलं पाहिजे.

१९४६ मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू केला. तो लक्ष्मणरावांना पाहता आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.

शब्दार्थ
नाद – खूप आवड
डावलणे – हक्क असून संधी न देणे
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटं, गुरांचा चारा
माळ – मोकळी, कोरडी जमीन
फाळ – नांगराचं जमिनीत घुसणारं टोक

करून पाहा
घरातल्या विजेच्या प्लगच्या सॉकेटला हात लावू नका! शर्टाची दोन सारखी बटणं घ्या, टेबलावर ठेवा आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजा. कसं मोजलंत, ते तीन वाक्यांत लिहा.