सावलीने सुई तपासणारा व्हाइसरॉय

जुन्या गोव्याच्या संग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. ही चित्रे काढून घ्यायला १५४७ साली सुरुवात केली दों जुआंव द काश्त्रु याने. इतिहासाच्या तासाला तो तलवारीसकट भेटतो. मला मात्र तो एका साध्या तबकडीमुळे आवडू लागला.

जन्म लिस्बनचा, १५०० सालचा. गणिती पेद्रु नुनिश हे त्याचे गुरू. होकायंत्राची सुई बरोबर उत्तरेला न राहता थोडी कलते, हे तेव्हाच्या खलाशांना ठाऊक होते. या फरकाला दिक्पात म्हणतात. तो मोजला की जहाज कुठल्या रेखांशावर आहे ते कळेल, अशी पुष्कळांची समजूत होती.

एप्रिल १५३८ मध्ये तो गोव्याला निघाला, तेव्हा नुनिश यांनी योजलेले छायायंत्र सोबत होते. अंश आखलेली आडवी तबकडी, मधोमध उभा काटा आणि चुंबकाची सुई, एवढेच. सकाळी काट्याची सावली कुठे पडते ते बघायचे. दुपारनंतर सूर्य तितक्याच उंचीवर आला की पुन्हा बघायचे. दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. सुई तिच्यापासून जितकी ढळली, तितका दिक्पात. हलत्या डेकवर हे करायचे म्हणजे चेष्टा नव्हे!

१५४१ पर्यंत त्याने अशा ४३ नोंदी केल्या. रेखांशाशी मेळ काही बसेना. त्याने आकडे वाकवले नाहीत, समजूतच सोडली. एकदा सुई भलतीकडेच वळली, तेव्हा जवळच्या तोफेचे लोखंड तिला ओढते हे त्याने ओळखले. आपल्या वसईजवळच्या खडकांनीही सुई फिरते, हेही लिहून ठेवले.

१५४५ मध्ये तो गव्हर्नर होऊन परत आला. दुसऱ्या वर्षी त्याने दीवचा वेढा मोडला. त्या वेढ्यात मुलगा फेर्नांदु आधीच मारला गेला होता. पडका किल्ला बांधायला पैसा हवा म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याला पाठवले. याच माणसाच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावेही जाळली, हे विसरून कसे चालेल?

६ जून १५४८ रोजी गोव्यातच तो वारला. शेवटी सेंट फ्रान्सिस झेवियर जवळ होते, असे सांगतात.

त्याच्या आयुष्याचा हिशोब सोपा नाही. पण हवे ते उत्तर येईना, तेव्हा आलेले उत्तर त्याने तसेच लिहून ठेवले. पुढच्या सहलीला त्या तसबिरीसमोर थांबलात, तर तलवारीबरोबर ती तबकडीही आठवा.