विश्वेश्वरय्या आणि दौंडपर्यंतचे पाणी

ब्रिटिश काळातील छायाचित्रांत खडकवासला धरणाची दगडी भिंत आणि तिच्यामागचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. कर्नल फाइफ यांनी उभारलेल्या या धरणाचा मुठा उजवा कालवा तेव्हा पुण्याच्या कडेने, शेतांमधून दौंड तालुक्याकडे जात असे. आज पर्वती, स्वारगेट, हडपसर भागात त्याच्या काठांना दाट वस्ती भिडली आहे. शहर आणि शेती या दोहोंना पुरेल इतके पाणी कसे मिळवावे, या प्रश्नाला शतकापूर्वी भिडले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरूत पदवी मिळवली आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण केली. पुढील वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले.

खडकवासल्याच्या सांडव्यावरून पावसाळ्यात बरेच पाणी वाहून जाई. भिंतीची उंची न वाढवता साठा वाढावा, यासाठी त्यांनी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचताच हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरताच मिटत. १९०३ मध्ये ते येथे बसविण्यात आले. या शोधाचे मानधन मात्र त्यांनी नाकारले.

केवळ साठवण त्यांना पुरेशी वाटली नाही. कालव्यालगतच्या शेतात पाण्याची उधळपट्टी होते, जमीन पाणथळ बनते आणि दूरची शेते कोरडी राहतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी गट पद्धत मांडली. उसासारख्या पिकाबरोबर कमी पाण्याची पिके फेरपालटाने घ्यावीत आणि पाण्याचा लाभ अधिक गावांत पसरावा, हा तिचा गाभा होता.

म्हैसूरचे दिवाणपद आणि १९५५ चा भारतरत्न सन्मान त्यांच्या वाट्याला आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही कोसळली. पुढच्याच वर्षी, वयाची शंभरी ओलांडलेले विश्वेश्वरय्या निवर्तले.

धरण पुन्हा उभे राहिले आणि नवा कालवा दौंडमार्गे इंदापूरपर्यंत गेला. परंतु पुण्याची तहान वाढत गेली. टंचाईच्या वर्षी दौंडचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो. भीमेपलीकडे शिरूरमध्येही चासकमान आणि घोडच्या पाण्याकडे डोळे लागलेले असतात. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचविण्याचे विश्वेश्वरय्यांचे काम अजून पुरे व्हायचे आहे.